रिपोर्ट बाबांचा, ताट मुलांचं

ॲडम्सटाउनच्या स्टेशनापासून शाळेपर्यंत चालत गेलं, तर वाटेत दोन-तीन जण तरी मराठीत बोलताना ऐकू येतात. आम्ही इथले बहुतेक जण एकाच साच्यातले. वय पस्तीस ते पंचेचाळीस, नोकरी आयटीत, फार्मात नाहीतर हॉस्पिटलात, एक किंवा दोन मुलं, आणि दिवसभर बैठं काम. त्यामुळे आमचे रक्ताचे रिपोर्टही एकमेकांची नक्कल केल्यासारखे येतात. एलडीएल वाढलेलं, एचबीए१सी काठावर, यकृतावर थोडी चरबी. मग रात्री जेवताना घरात ठराव होतो: ‘सोमवारपासून आपण सगळे शाकाहारी.’

या ठरावातल्या ‘शाकाहारी’ या शब्दाला माझी हरकत नाही, ‘सगळे’ या शब्दाला आहे. रिपोर्ट चाळीस वर्षांच्या माणसाचा असतो, आणि ताट मात्र तीन आणि आठ वर्षांच्या मुलांचंही बदलतं. मोठ्यांच्या बाबतीत जो पुरावा हाताशी आहे तो मुलांना जसाच्या तसा लागू पडत नाही. मुलांना शाकाहारावर उत्तम वाढवता येतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो, आणि आयर्लंडमधला हिशेब पुण्या-मुंबईतल्या हिशेबापेक्षा वेगळा आहे. (मी जीवरसायनशास्त्रातली संशोधक आहे, डॉक्टर नाही. कुणाच्या मुलाला काय द्यायचं हे लेख वाचून ठरवू नये, हे आधीच सांगून ठेवते.)

आधी मोठ्यांचं बघू. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या अभ्यासात सुमारे ४८,००० लोकांचा १८ वर्षं मागोवा घेतला गेला. २०१९ साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार शाकाहारी गटात हृदयविकाराचं प्रमाण मांसाहारी गटापेक्षा २२ टक्क्यांनी कमी होतं. त्याच अभ्यासात शाकाहाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण २० टक्क्यांनी जास्त निघालं. व्हॉट्सॲपवरून फिरताना हा दुसरा आकडा नेहमी वाटेत कुठेतरी गळून पडतो. पुढच्या वर्षी त्याच गटाने हाडांबद्दलचे निष्कर्ष छापले, त्यात शाकाहाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी जास्त दिसलं. हे सगळे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. शाकाहारी माणसं सिगरेट कमी ओढतात, व्यायाम जास्त करतात, अशा गोष्टी गणितातून वजा कराव्या लागतात, आणि त्या पूर्णपणे वजा होतातच असं नाही. तरीही एलडीएल वाढलेल्या चाळिशीतल्या माणसाने मांस सोडून डाळी, भाज्या आणि सुकामेवा खायचं ठरवलं, तर ते शहाणपणाचंच आहे.

एका बाबतीत मात्र ‘सगळे’ म्हणायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. रॅशर, सॉसेज, हॅम, सलामी हे सगळं यात आलं. मुलांच्या डब्यातलं हॅम सँडविच बंद करायला कुणाचा रिपोर्ट यायची वाट बघायची गरज नाही.

आता मुलांकडे येऊ. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली म्हटलं होतं की नीट आखलेला शाकाहार आयुष्याच्या सर्व टप्प्यांवर योग्य आहे. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. २०२५ साली त्यांनी नवी भूमिका मांडली, ती फक्त प्रौढांपुरती. याचा अर्थ मुलांसाठी शाकाहार वाईट ठरला असा अजिबात नाही. पण निदान व्यावसायिक लोक या दोन गटांचा विचार वेगवेगळा करू लागले आहेत, हे आपणही ध्यानात घ्यावं.

मुलांवरचा मला सर्वात उपयोगी वाटलेला अभ्यास टोरांटोचा आहे. २०२२ साली ‘पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या या अभ्यासात ८,९०७ मुलं होती, त्यांतली सुरुवातीला २४८ शाकाहारी. उंची, रक्तातला लोहाचा साठा, ड जीवनसत्त्व, कोलेस्टेरॉल या कशातही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ही चांगली बातमी आहे. पण वजन फारच कमी असण्याची शक्यता शाकाहारी मुलांत जवळजवळ दुप्पट होती. आपल्याकडच्या आया ज्याला ‘अंगाला लागत नाही’ म्हणतात ते हेच.

असं का होतं, याचा एक सरळ तर्क आहे. तीन वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं आणि उंचीच्या, वजनाच्या मानाने त्याची ऊर्जेची गरज मोठी असते. भाजी, सॅलड, मोड आलेली कडधान्यं यांत पाणी आणि तंतू भरपूर, त्यामुळे पोट लवकर भरतं. वजन कमी करायला निघालेल्या बाबांना नेमकं हेच हवं असतं. मुलाला नको असतं. आणि आपल्या घरांत ‘शाकाहारी व्हायचं’ हा ठराव कधी एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग तूप बंद, तेल निम्मं, भात कमी, स्किम्ड दूध असे चार उप-ठराव येतात, आणि भाजी सगळ्यांसाठी एकाच कढईत होते. माझ्या मते मांस जाण्यापेक्षा हे उप-ठराव लहान मुलांना जास्त त्रासदायक ठरतात. पाच वर्षांखालच्या मुलांना स्किम्ड दूध देऊ नये, असं इथली आरोग्यसेवाही सांगते. मुलांच्या वरणावर तूप, पोळीला लोणी, उसळीत शेंगदाण्याचं कूट किंवा ओल्या नारळाचं वाटण राहू द्यावं. (पाच वर्षांखाली अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते, म्हणून कूटच.)

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा रिपोर्ट आला तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, “अगं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारीच, कुणाला काय झालंय?” माझं माहेर रत्नागिरीचं, मासे खाणारं, तेव्हा या प्रश्नाला थोडी धारही होती. पण प्रश्न रास्त आहे. शेकडो वर्षं एक समाज ज्या आहारावर जगला, वाढला, तो आहार मुलांसाठी पारखलेला नाही का?

याचं उत्तर त्यांच्याच गावात, पुण्यात, शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली तीसेक वर्षं या विषयावर काम करत आहेत. २००६ साली त्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताचा अभ्यास छापला. काही खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या वर्गात टंचाई सर्वात जास्त! मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत बी-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून अधिक होता.

बी-१२ वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. गाईच्या पहिल्या पोटातले जीवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते तयार करतात, आणि तिथून ते दुधात आणि मांसात येतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही थोडं बनवतात, पण ते शोषलं जाण्याची जागा लहान आतड्यात, त्याच्या आधी असते, त्यामुळे त्याचा आपल्याला उपयोग नाही. स्पिरुलिनात आणि काही शेवाळांत बी-१२ असल्याच्या जाहिराती दिसतात. त्यातलं बरंचसं नुसतं दिसायला तसं असतं, शरीराला वापरता येत नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून मांस सोडलेल्या माणसाला दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. बाळाचा साठा मात्र आईकडून येतो. आईकडेच नसेल तर बाळाची सुरुवातच रिकाम्या खिशाने होते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना परिचित असलेला एक आजार आहे, ज्यात अंगावर पिणाऱ्या बाळाचे हातपाय थरथरतात आणि वाढ मागे पडते. त्याचा संबंध आईतल्या बी-१२च्या कमतरतेशी लावला जातो.

याच पुणेकर गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र त्या मानाने कमी नव्हतं. दिसायला किडकिडीत, आत चरबी. २००८ साली आलेला त्यांचा निष्कर्ष मला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो. गरोदरपणी ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वात जास्त आढळली. ज्या मधुमेहाला भिऊन बाबा शाकाहारी होतात, त्याचंच बीज बी-१२ नसलेल्या शाकाहारातून पुढच्या पिढीत रुजत असेल, अशी ही शक्यता आहे. केवळ संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध होत नाही, म्हणून या गटाने पुढे प्रत्यक्ष प्रयोगही केला. तरुण मुलामुलींना रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं, आणि त्या मुलींना पुढे जी मुलं झाली त्यांची बौद्धिक आणि भाषिक वाढ दुसऱ्या वर्षी सरस दिसली. ॲडम्सटाउनमधल्या ज्या घरात दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे आणि शाकाहाराचाही, त्या घराने आधी आईचं बी-१२ तपासून घ्यावं. इथे गरोदरपणाआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सगळ्यांना सांगतात, आणि ती घ्यायलाच हवी. पण नुसतीच ती गोळी आणि बी-१२ कमी, ही जोडी टाळायची आहे.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मला तर डॉक्टर दर महिन्याला त्याचंच इंजेक्शन देतात.”

तर ‘पिढ्यान्‌पिढ्या’ला हे उत्तर. लोक जगले, मुलं वाढली, पण काहीतरी कमी पडत होतं, आणि ते मोजायचं यंत्र आत्ता आत्ता आलं.

घरातल्या दुधावर भागतं का? युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज १.५ आणि सात ते दहा वर्षांच्या मुलाला २.५ मायक्रोग्रॅम बी-१२ हवं. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असतं. तीन वर्षांच्या मुलाचं दीड-दोन पेले दुधात भागतं. आठ वर्षांच्या मुलीला नुसत्या दुधातून मिळवायचं तर अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त प्यावं लागेल, आणि इतक्या दुधाने भरलेल्या पोटात वरण-भाजीला जागा उरत नाही. दही, चीज, पनीर धरून हे गणित जमतं, पण दुधाचा तिटकारा असलेल्या मुलाचं जमत नाही. ओट्सचं किंवा बदामाचं दूध आणत असाल तर बी-१२ आणि कॅल्शियम घातल्याचा उल्लेख लेबलावर बघा. ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या पेयांत बहुधा ही जीवनसत्त्वं घातलेली नसतात, म्हणजे महाग घेऊन कमी मिळतं. अंडं घरात चालत असेल तर अर्धा प्रश्न सुटतो. आपल्याकडे अंडं म्हणजे मांसाहार ही व्याख्या घट्ट आहे, आणि श्रद्धेपोटी शाकाहार असेल तिथे मी काही बोलणार नाही. पण कारण निव्वळ आरोग्याचं असेल, तर मुलांचं अंडं बंद करायला मला कोणताही आधार सापडत नाही.

आयर्लंडमुळे हिशेबात दोन गोष्टी वाढतात. पहिली उघड आहे. मुंबई १९ अंश उत्तरेला, डब्लिन ५३ अंशांवर. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवण्याइतके अतिनील किरण नसतात, आणि आपल्या सावळ्या कातडीला उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. इथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा सल्ला एक ते चार वर्षांच्या मुलांना हॅलोवीन ते सेंट पॅट्रिक्स डे रोज ५ मायक्रोग्रॅम द्यावं असा आहे. पाच ते अकरा वर्षांसाठी १० मायक्रोग्रॅम, आणि गडद वर्णाच्या मुलांना ते वर्षभर. हे मांसाहारी मुलांनाही लागू आहे, पण शाकाहारी झाल्यावर सामन-बांगड्यातून मिळणारं थोडंफारही जातं. जाता जाता एक: मुलांच्या रंगीत च्युई जीवनसत्त्वांत बऱ्याचदा जिलेटिन असतं. मांस सोडून डुकराच्या कातडीची गोळी चघळण्यात काही अर्थ नाही, म्हणून लेबल वाचा.

दुसरी गोष्ट लपलेली आहे, ती म्हणजे आयोडीन. भारतात खाण्याच्या मिठात आयोडीन असणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून आपण त्याचा विचारच करत नाही. आयर्लंडमध्ये तसा कायदा नाही, आणि सुपरमार्केटातल्या साध्या मिठात ते बहुधा नसतं. गुलाबी हिमालयीन मीठ तर या बाबतीत निरुपयोगीच. इथल्या लोकांना आयोडीन मिळतं ते मुख्यतः दुधातून आणि माशांतून. म्हणजे मासे गेले आणि दुधाऐवजी ओट्सचं पेय आलं, की थायरॉइडचं इंधन जवळजवळ संपलं. यावर उपाय सोपा आहे. ल्यूकनच्या भारतीय दुकानात आयोडीनयुक्त मिठाची पिशवी मिळते. आहे तेवढंच मीठ वापरा, फक्त पिशवी बदला.

लोहाबद्दल आपल्या घरांत गैरसमज फार. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, हा त्यातला सर्वात चिवट. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. पालकात असतं, पण त्यातलं फार थोडं शरीराला मिळतं. लहान मुलांना रोज सात मिलिग्रॅम, सात ते अकरा वयाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि वनस्पतीतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा बरंच कमी शोषलं जातं. इथे मात्र आपलं स्वयंपाकघर खरंच हुशार आहे. मटकी भिजवून मोड आणणं, इडली-ढोकळ्याचं पीठ आंबवणं यांनी धान्यातलं फायटेट कमी होतं, आणि तेच लोहाला अडवून धरत असतं. उसळीवर, पोह्यांवर पिळलेल्या लिंबातलं क जीवनसत्त्व शोषण वाढवतं. जेवणासोबत मुलांना चहा देण्याची सवय मात्र उलटा परिणाम करते. डब्यात मसूर-डोसा आणि सोबत संत्र्याच्या फोडी दिल्या तर उत्तम. इथल्या अनेक शाळांत दाण्यांना बंदी असते, त्यामुळे शेंगदाण्याची चटणी आणि लाडू घरीच. तीळ चालतात का, हे आधी शाळेला विचारून घ्या.

मांसाच्या जागी काय येतं, हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि तिथे मी आपल्या लोकांवर जरा चिडते. चिकन फिलेट रोल गेला आणि त्या जागी पास्ता, पिझ्झा, व्हेज नगेट्स, साबुदाण्याची खिचडी आली, तर ते आरोग्यासाठी केलं असं म्हणू नये. २०२५ साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अहवालानुसार भारतीयांच्या आहारातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. त्यातल्या थोड्या कॅलरी डाळी किंवा दुधाच्या प्रथिनांकडे वळवल्या तर मधुमेहाची शक्यता कमी होते, असं त्यात दिसतं. बाबांच्या रिपोर्टाचंही औषध तिथेच आहे.

आमच्या घरी शेवटी असं ठरलं. आम्ही दोघं शाकाहारी झालो (मी सुरमई सोडली, यावर माहेरी अजून कुणाचा विश्वास बसत नाही). मुलांच्या ताटातून रॅशर आणि सॉसेज गेले, चिकन घरात येणं थांबलं. मुलांचं अंडं राहिलं आणि आठवड्यातून दोनदा मासे राहिले. थोरली आता विचारते, की मासे तुम्ही खात नाही तर मी का खाऊ? तिने सोडायचे म्हटले तर मी अडवणार नाही, पण मग जवसाची चटणी नियमाने आणि बी-१२ची गोळी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी घ्यावी लागेल, हे तिला सांगितलं आहे. अजून ती विचार करते आहे.

तुमच्याकडे हा बदल करायचा असेल, तर सुरू करण्याआधी मुलांची उंची-वजनं लिहून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी परत मोजा. आठ वर्षांखालच्या सगळ्या मुलांना २०२३ पासून जीपीकडे मोफत जाता येतं, तेव्हा वाढीच्या आलेखावरून घसरण दिसली तर लगेच दाखवा आणि फेरिटिन, बी-१२ बद्दल विचारा. सल्ला घ्यायचा असेल तर ‘डाएटिशियन’ हा शब्द बघून घ्या. आयर्लंडमध्ये ही उपाधी कायद्याने राखीव आहे आणि ती लावणाऱ्याची नोंदणी ‘कोरू’कडे असावी लागते. ‘न्यूट्रिशनिस्ट’ मात्र कुणालाही म्हणवून घेता येतं.